ती उशी आधी काढा!

पाय गमावलेल्या माणसाला कृत्रिम पाय बसवला की तो चालायला लागतो, असं आपल्याला वाटतं. खरी लढाई मात्र त्याच्या कितीतरी आधी, घरातल्या गादीवरच सुरू झालेली असते. आणि त्या लढाईत घरातल्या तरुण मुलामुलींचं काम सगळ्यात मोठं असतं.

घरात कुणाचा पाय दुखत असेल तर तुम्ही पहिली गोष्ट काय करता? पायाखाली उशी सरकवता. आम्हीही तेच केलं होतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या मामाचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मामा 52 वर्षांचा, कल्याणला रिक्षा चालवणारा, पंधरा वर्षांपासून शुगर असलेला. नव्या चपलेचा पट्टा करंगळीला घासला, फोड आला आणि फुटला. मामाला ते कळलंच नाही, कारण मधुमेहामुळे पायाची जाणीव आधीच कमी झाली होती. मग हळद, मग मेडिकलवाल्याने दिलेलं मलम, मग 'बघू सोमवारी'. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत बोटं काळी पडली होती आणि इन्फेक्शन वर चढलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आणल्यावर मामी, मामेभाऊ आणि मी, आम्ही तिघांनी मिळून त्याची गादी खिडकीजवळ लावली आणि उरलेल्या पायाखाली दोन मऊ उशा ठेवल्या. मामाला बरं वाटायचं. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची लांबलचक यादी होती, पण व्यायामाबद्दल एक ओळही नव्हती. पाय कसा ठेवायचा हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

टाके निघाल्यावर आम्ही फिजिओथेरपीच्या ओपीडीत गेलो. तिथल्या मॅडमनी मामाला पाय सरळ करायला सांगितला. होईना. गुडघा वाकलेला, तो वाकलेलाच. त्यांनी आमच्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "उशी कोण ठेवतं?"

आम्ही तिघेही गप्प.

उशीने नेमकं काय होतं?

आपला सांधा ज्या स्थितीत जास्त वेळ राहतो, त्या स्थितीची त्याला सवय होते. उशी ठेवली की गुडघा आणि खुबा दोन्ही थोडे वाकलेले राहतात. दिवसातले वीस तास असेच गेले तर मागचे स्नायू आखूड होत जातात आणि सांधा आखडतो. फिजिओ याला 'कॉन्ट्रॅक्चर' म्हणतात. पूर्ण पाय असलेल्या माणसात शरीराचं वजन आणि चालणं यामुळे स्नायू रोज ताणले जातात. पाय कापल्यावर ते ताणणंच बंद होतं, त्यामुळे आखडण्याचा वेग वाढतो.

यात एवढं काय, असं वाटेल. पण कृत्रिम पाय सरळ असतो. गुडघा 30 अंशांत अडकला असेल तर त्यावर सरळ पाय नीट बसवणार कसा? बसवलाच तर माणूस लंगडतो, कमरेवर ताण येतो, पडायची भीती वाढते. गुडघा फारच आखडला तर कृत्रिम पाय बसवणंच अवघड होतं. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, पाय मोफत मिळणार असतो, आणि तरीही माणूस व्हीलचेअरवर राहतो. का, तर सुरुवातीच्या आठवड्यांत त्याच्या पायाखाली प्रेमाने उशी ठेवली गेली.

मॅडमनी घरी करायच्या गोष्टी अगदी सोप्या करून सांगितल्या. उरलेल्या पायाखाली उशी नाही. दोन मांड्यांच्या मध्येही उशी नाही. पाय गादीच्या कडेवरून लोंबकळत ठेवायचा नाही. व्हीलचेअरवर बसताना गुडघ्याखालचा भाग फळीवर सरळ ठेवायचा. आणि दिवसातून दोन-तीनदा, पंधरा-वीस मिनिटं, पोटावर झोपायचं. पोटावर झोपलं की खुबा आपोआप सरळ होतो. औषध नाही, मशीन नाही, खर्च नाही.

मामाला पोटावर झोपायचा भयंकर कंटाळा. मग मामेभावाने त्याच्यासमोर मोबाइल टेकवून क्रिकेटच्या जुन्या मॅचेस लावायला सुरुवात केली. वीस मिनिटं म्हणजे साधारण चार-पाच ओव्हर, असा हिशेब ठरला.

मामाचा लेग डे

माझा मामेभाऊ जिमला जातो. त्याचा लेग डे कायम चुकतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मामाचा लेग डे मात्र रोज होता.

गुडघा गादीत दाबून पाचपर्यंत आकडे मोजायचे आणि सोडायचा. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलायचा. पोटावर झोपून मांडी मागे उचलायची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण यातला प्रत्येक व्यायाम पुढच्या एका कामासाठी असतो. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा दुमडू देत नाही. कमरेच्या बाजूचे स्नायू एका पायावर उभं असताना तोल सांभाळतात. ते कमजोर राहिले तर माणूस कृत्रिम पायावर टेकताना एका बाजूला झुकतो.

हातांचे व्यायामही हवेत. कारण पाय येईपर्यंत सगळं वजन वॉकरवर आणि कुबड्यांवर, म्हणजे हातांवरच असतं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन बूड वर उचलायचं, हा मामाचा आवडता व्यायाम. तो मामेभावापेक्षा जास्त वेळा करायचा आणि सांगत सुटायचा.

त्यासोबत बँडेज. ऑपरेशननंतर उरलेल्या पायाला सूज असते. त्याला नीट निमुळता आकार यावा म्हणून क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, तिरकं बांधतात. टोकाला घट्ट आणि वर येताना सैल. उलटं झालं, म्हणजे वर घट्ट बसलं, तर टोकाला सूज साठते. नुसतं गोल गोल गुंडाळलं तर दोरा बांधल्यासारखं होतं. ते काही तासांनी सोडून पुन्हा बांधावं लागतं. हे काम मी शिकले. पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटं लागली, महिन्याभराने चार.

आणि स्पर्श. कापलेल्या टोकाची त्वचा सुरुवातीला इतकी हळवी असते की चादर लागली तरी झोंबतं. याच टोकाला पुढे कृत्रिम पायाच्या आत राहायचंय. म्हणून जखम भरल्यावर तिथे आधी मऊ कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल असं हळूहळू चोळायचं, बोटांनी टिचक्या मारायच्या. त्वचेला सवय लावायची. मामी सुरुवातीला तिकडे बघतही नव्हती. नंतर तीच टीव्हीवरची मालिका बघता बघता हे करायला लागली.

नसलेली करंगळी दुखते

एका रात्री मामा ओरडत उठला. "करंगळीला आग होतेय!" कोणती करंगळी? तीच, फोड आलेली. पाय गेला होता, करंगळी गेली होती, पण दुखणं तिथेच होतं. जी करंगळी असताना दुखली नाही, ती गेल्यावर दुखायला लागली.

मामीला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. तुमच्याही घरात असं वाटू शकतं, म्हणून हे नीट समजून घ्या. याला 'फँटम लिंब' म्हणतात आणि पाय किंवा हात गमावलेल्या बहुतेकांना ते कमी-जास्त जाणवतं. आपल्या मेंदूत शरीराच्या प्रत्येक भागाची एक जागा ठरलेली असते. भाग गेला तरी मेंदूतली ती जागा राहते. हे वेड नाही, नाटक नाही आणि भुताटकी तर अजिबात नाही.

यावर एक भारी उपाय 1990च्या दशकात पुढे आला. मूळचे तामिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या लोकांसाठी साधा आरसा वापरला. चांगला हात आरशासमोर ठेवला की गेलेल्या हाताच्या जागी त्याचं प्रतिबिंब दिसतं. तो हलवला की मेंदूला वाटतं, गेलेला हातच हलतोय. आता पायासाठीही हा आरसा वापरतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. गोळ्या, मसाज, बँडेज, कृत्रिम पायाचा नियमित वापर, ज्याला जे लागू पडेल ते. मामाला आरशापेक्षा चोळण्याने जास्त बरं वाटलं. पण त्याला सगळ्यात जास्त बरं वाटलं ते 'असं बहुतेकांना होतं' हे कळल्यावर.

'नवा' पाय येतो तेव्हा

जखम पूर्ण भरली, सूज उतरली आणि सांधा सरळ झाला की कृत्रिम पायाचं माप घेतात. सगळं सुरळीत असेल तर ऑपरेशननंतर साधारण दीड-दोन महिन्यांत ही वेळ येते. आमची आली चौथ्या महिन्यात. उशीने आमचे दोन महिने खाल्ले. रिक्षा दारात उभी, हप्ता चालू आणि मामा गुडघा सरळ करत बसलेला. ते दोन महिने आमच्या घराला किती महाग पडले, हे मामी सांगू शकेल.

गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाचे मुख्य भाग तीन: उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट, मधली नळी आणि पाऊल. पाय गुडघ्याच्या वर कापलेला असेल तर गुडघ्याचा कृत्रिम सांधाही लागतो. यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय? आपण पाऊल बघतो, पण खरा जीव सॉकेटमध्ये असतो. प्लास्टरने साचा घेऊन ते त्या माणसापुरतंच बनवतात. कुठल्या हाडावर वजन घ्यायचं आणि कुठे अजिबात दाब नको, याचा त्यात बारीक विचार असतो. सॉकेट चुकलं तर लाखाचा पायही कपाटात पडून राहतो.

पावलाची गोष्ट मात्र आपल्या देशाची आहे. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायचे असायचे. आपण घरात अनवाणी फिरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवं बसतो, चिखलात उतरतो. 1968 मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलमधले डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचं असं पाऊल बनवलं, जे वाकतं, वळतं आणि ज्याला बूट लागत नाही. हेच 'जयपूर फूट'. 1975 मध्ये सुरू झालेली 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' हे पाय मोफत देते. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मुंबईच्या भरतनाट्यम नर्तिका सुधा चंद्रन यांनी बस अपघातानंतर उजवा पाय गमावला होता. जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

पण पाय हातात आला म्हणजे काम संपलं नाही. पहिल्या दिवशी तो फार तर अर्धा-एक तास घालायचा. काढल्यावर त्वचा तपासायची. लाली दिसली आणि पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही, तर समजायचं की दाब चुकतोय. जखम होईपर्यंत थांबायचं नाही, सरळ परत दाखवायला जायचं. उरलेला पाय पुढचे काही महिने बारीक होत राहतो, त्यामुळे सॉकेट सैल होतं आणि आत एकावर एक मोजे घालावे लागतात. काही महिन्यांनी सॉकेट बदलावंही लागतं. हे बिघडणं नाही, असंच असतं.

चालणं पुन्हा पहिलीपासून

पॅरलल बार म्हणजे दोन समांतर दांडे. मामा त्यात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायच्या तयारीत होतो. त्याने मात्र सगळं वजन उजव्या पायावर टाकलं आणि नवा पाय नुसता टेकवला. मॅडमनी दोन वजनकाटे आणून एकेका पायाखाली ठेवले. उजवीकडे काटा 60 च्या पुढे, डावीकडे जेमतेम 10. "काका, हे दोन्ही सारखे करायचेत." चालणं राहिलं बाजूला, पुढचा आठवडाभर मामा फक्त वजन इकडून तिकडे न्यायला शिकत होता. ज्या पायाची जाणीवच नाही त्यावर विश्वास ठेवायचा, हे सोपं नाही.

मग एक पाऊल. मग दुसरं. खाली न बघता, समोर बघून. मग बारच्या बाहेर, काठी घेऊन. मग उतार, खडबडीत जमीन, जिना. मग पडायचं कसं आणि पडल्यावर उठायचं कसं, हेही.

यात दमणूक किती होते, याचा आपल्याला अंदाज नसतो. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला साधारण 25 ते 40 टक्के जास्त शक्ती लागते. गुडघ्याच्या वर गेला असेल तर 60 टक्के किंवा त्याहूनही जास्त. म्हणून डॉक्टर शक्य असेल तिथे गुडघा वाचवायचा प्रयत्न करतात. दोन बॅगा घेऊन दादरचा पूल चढताना तुमचं जे होतं, ते या लोकांचं रोज साधं चालताना होतं. पुढच्या वेळी स्टेशनवर असं कुणी हळू चालताना दिसलं तर मागून 'चला चला' करू नका.

रीलमध्ये न दिसणारे महिने

आपल्याला मेडल दिसतं. मुंबईत वाढलेली मानसी जोशी 2011 मध्ये दुचाकीच्या अपघातात डावा पाय गमावून बसली. तेव्हा ती 22 वर्षांची, नुकतीच इंजिनीअर झालेली. म्हणजे आज माझं जे वय आहे, तेच. 2019 मध्ये ती पॅरा बॅडमिंटनची विश्वविजेती झाली. हरियाणाच्या सुमित अंतिलला पैलवान व्हायचं होतं. 2015 मध्ये बाइकच्या अपघातात त्याचा पाय गेला. त्यानंतर तो भालाफेकीकडे वळला आणि टोकियो व पॅरिस, अशी लागोपाठ दोन पॅरालिम्पिक सुवर्णपदकं त्याने जिंकली.

हे भारीच आहे. पण रीलमध्ये बँडेज दिसत नाही, पोटावर झोपलेले तास दिसत नाहीत, सॉकेटमध्ये घासून आलेली जखम दिसत नाही. मामाला कुणीतरी असे व्हिडिओ पाठवायचं आणि तो आणखी खचायचा. "मला कुठे भाला फेकायचाय? मला खाली टपरीवर जायचंय." त्याचं खरं होतं. प्रत्येकाचं मेडल वेगळं असतं आणि ते काय, हे त्यालाच ठरवू द्या.

कुठे जायचं, काय करायचं

मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, 1955 पासून. डॉक्टर, फिजिओ आणि कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ तिथे एकाच छताखाली आहेत. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. ते 1944 मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सुरू झालं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढायला उशीर करू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बऱ्याच सवलती मिळतात. ऑनलाइन फॉर्म भरणं हे घरातल्या मोठ्यांना जमत नाही, ते आपलं काम.

आणि घरात ही यादी फ्रिजवर चिकटवा:

• पायाखाली उशी नको. रोज दोन-तीनदा पोटावर झोपणं.
• हॉस्पिटलमधून निघण्याआधी फिजिओथेरपिस्टला भेटल्याशिवाय निघायचं नाही. कुणी सांगितलं नाही तर आपण विचारायचं.
• रात्री दिवा चालू आणि वॉकर पलंगाला लागून. झोपेत माणूस पाय नाही हे विसरतो, लघवीला उठतो आणि पडतो.
• उरलेला पाय आणि मोजे रोज साबणाने धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे. पाय धुणं शक्यतो रात्री, म्हणजे सकाळी सॉकेट घालताना त्वचा ओलसर नसते.
• मधुमेह असेल तर दुसरा पाय रोज तपासायचा, तळव्याखाली आरसा धरून. मधुमेहींमध्ये पाय कापावा लागण्याची सुरुवात बहुतेक वेळा एका साध्या जखमेने होते.
• बूट, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. खडा असू शकतो.

शेवटचे दोन मुद्दे ज्यांच्या घरात फक्त शुगरचा पेशंट आहे त्यांच्यासाठीही आहेत. आज रात्री आजोबांचे, आईचे, मामाचे तळवे बघा. दोन मिनिटं लागतात.

मामा तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंगला लिफ्ट नाही. जिन्याचा नियम त्याने पाठ केला होता: वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना नवा. गुढीपाडव्याला सकाळी तो काठी घेऊन निघाला आणि 'कुणी हात धरायचा नाही' असं बजावलं. मामेभाऊ एक पायरी पुढे, मी एक पायरी मागे. तीन मजले उतरायला अकरा मिनिटं लागली. टपरीवाल्याने न विचारताच कटिंग पुढे केला, साखर नसलेला.

मागच्या महिन्यात कॉलेजमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या बाबांचा पाय काढावा लागला होता, आदल्याच दिवशी घरी आणलं होतं. ती रडत होती. बराच वेळ ऐकून घेतल्यावर मी विचारलं, "पायाखाली उशी ठेवली आहेस का?"

"हो, दोन ठेवल्यात. का गं?"

मी म्हटलं, "फोन चालू ठेव आणि आधी त्या काढ."